आधी गच्ची, शेवटी सोलर: बेळगाव भागात जुनं घर कमी विजेवर आणताना कामांचा क्रम

सोलर बसवून वर्ष होत नाही तोवर स्लॅब गळायला लागतो. मग पॅनेल उतरवा, कोबा फोडा, वॉटरप्रूफिंग करा, पॅनेल परत चढवा. एकाच गच्चीवर दोनदा पैसे. शहापूर, वडगाव, अनगोळ या भागात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कुणी "सोलरचं कोटेशन आलंय, बघता का?" असं विचारलं, की मी आधी गच्चीची किल्ली मागतो.

माणसं वस्तू चांगल्या घेतात, पैसेही कमी घालत नाहीत, फक्त क्रम उलटा लावतात. तापलेल्या स्लॅबखाली एसी येतो, एसीमुळे बिल चढतं, बिलामुळे सोलर येतं आणि सोलरखाली ओल तशीच राहते. शिवाय गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत वीज योजना), सोलर अनुदान, खाता (मालमत्तेची नोंद), स्टार लेबल असे नियम दर वर्षा-दोन वर्षांनी हलतात. शेजाऱ्यानं २०२२ मध्ये केलं तसंच आज करायला गेलं की अर्ज अडकतो.

पुढचा क्रम स्वतःच्या मालकीच्या, दहा ते पन्नास वर्षं जुन्या घरांसाठी आहे, मग घर स्लॅबचं असो की कौलारू. खानापूर-जांबोटीकडे मुख्य शत्रू ओल, अथणी-रायबाग-गोकाककडे ऊन. बेळगाव, निपाणी, चिकोडीवाल्यांना दोन्ही.

## काम कधी काढायचं

आपल्याकडे हे काम मे महिन्यात काढतात, कारण उकाडा तेव्हा सुरू होतो. तेव्हा उशीर झालेला असतो. वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, मेस्त्री लग्नसराईत गुंतलेला असतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्ची उघडी पडलेली असते.

पाहणी करायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात, गळती चालू असताना. कागदपत्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फोडाफोड आणि सिमेंटचं काम डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पाणी मारायला आणि वाळायला दोन्हीला वेळ मिळतो. गच्चीचा पांढरा लेप मार्चमध्ये. सोलर त्यानंतर.

## टप्पा १: बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा

हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, मागची बारा बिलं काढा. कागद हरवले असतील तर आरआर नंबरवरून (बिलावरचा जोडणी क्रमांक) ऑनलाइन मिळतात. एका वहीत चार रकाने करा: महिना, युनिट, मंजूर लोड, भरलेली रक्कम.

मंजूर लोडचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. स्थिर आकार त्याच किलोवॅटवर लागतो. घरात दोन किलोवॅटचा गीझर होता म्हणून कधी तरी लोड वाढवून घेतलेला असतो, गीझर जातो, लोड तसाच राहतो.

आता गृहज्योतीचा हिशेब. ही योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. तुमची मोफत मर्यादा सरसकट २०० युनिट नाही. २०२२-२३ मधली तुमची मासिक सरासरी आणि तिच्यावर १० टक्के, ही तुमची मर्यादा. सरासरी १५० असेल तर मर्यादा १६५. मग तीन शक्यता उरतात:

- वापर १६५ पर्यंत: बिल शून्य.
- वापर १६५ ते २००: फक्त वरच्या युनिटांचे पैसे.
- वापर २०० च्या वर: त्या महिन्याचं अख्खं बिल.

जानेवारी २०२४ मध्ये एक दुरुस्ती झाली. ज्यांची सरासरी ४८ युनिटांपेक्षा कमी आहे त्यांना १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जास्त मिळतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मार्चचा वापर २१२ युनिट आला. अख्खं बिल भरावं लागलं आणि त्या सोलरची चौकशी करायला निघाल्या. घरात जाऊन पाहिलं तर हॉलमध्ये वीस वर्षांपूर्वीचा पंखा दिवसाचे बारा-तेरा तास फिरत होता. साधा पंखा ७५ वॅटचा धरला, तर बारा तासांनी महिन्याला २७ युनिट होतात. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८-३० वॅटचा, त्याचे १०-११. म्हणजे एका पंख्यामागे १६ युनिट. २१२ मधून १६ गेले की १९६, आणि काकू मोफत योजनेत परत. त्यांची मर्यादा १६५, म्हणून फक्त ३१ युनिटांचे पैसे. तीन हजारांच्या पंख्यानं जे झालं, त्यासाठी दीड लाखाचं कर्ज निघणार होतं.

तपासणी: वर्षातले किती महिने २०० च्या वर गेले? दोन-तीनच असतील आणि तेही थोडक्यानं, तर तुमचं काम टप्पा ४, ६ आणि ७ मध्येच संपण्याची शक्यता मोठी आहे. बाराही महिने ३०० च्या वर असाल तर शेवटपर्यंत जा.

सावध: "दोन भावांचे दोन मीटर करू, दोघांना २००-२०० मोफत" हा हिशेब चहाच्या टपरीवरचा आहे. ज्या जोडणीला जुना वापरच नाही तिच्यासाठी राज्याची सरासरी ५३ युनिट आणि वर १० टक्के असा नियम ठेवला गेला. घर खरंच वेगळं झालं असेल तर मीटर जरूर वेगळा करा, फुकटच्या आशेनं नको.

## टप्पा २: कागद जुळवा

उतारा आजोबांच्या नावावर, हेस्कॉमचं बिल वडिलांच्या नावावर, बँक खातं आणि आधार तुमच्या नावावर. सीमाभागातल्या निम्म्या घरांची हीच गत. त्यात नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना दोन-तीन अक्षरं बदललेली. एरवी याचा त्रास होत नाही. सोलर अनुदान किंवा गृहकर्ज आलं की होतो, कारण वीज जोडणी, बँक खातं आणि आधार यांवरची नावं जुळावी लागतात.

१. महानगरपालिका किंवा नगरपालिका हद्दीत असाल तर इ-खाता काढून घ्या. ग्रामपंचायत हद्दीत इ-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता नोंदीतला फॉर्म ९ आणि ११. यासाठी पीडीओला (पंचायत विकास अधिकारी) भेटायचं, तलाठ्याला नव्हे.
२. वारसा नोंद बाकी असेल तर ती आधी. वर्षानुवर्षं पडलेलं हे काम घर दुरुस्तीच्या निमित्तानं उरकतं.
३. मग हेस्कॉममध्ये जोडणीचं नाव बदला. उलट क्रमानं गेलात तर हेस्कॉमवाले इ-खाता मागून परत पाठवतील.
४. नाव बदललं की गृहज्योतीची नोंद चालू आहे ना, ते पुढच्या बिलात पाहा. भाडेकरू गेला असेल तर त्याचं आधार त्या आरआर नंबरवरून काढून टाकण्याची सोय राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर आहे. ते न काढता नव्या भाडेकरूची नोंद करायला गेलं की ती अडकते.

परवानगी कशाला लागते याचा साधा अंदाज असा: घराची उंची, मजला, बाहेरचा आकार किंवा वापर बदलत असेल तर लागते. रंग, गच्चीचा लेप, वायरिंग, काचा, कौलं बदलणं या कामांना सहसा लागत नाही. कॅम्पातल्या घरांनी मात्र मोठी दुरुस्तीही कँटोन्मेंट बोर्डाला आधी लेखी कळवून मगच सुरू करावी. तिथला कायदा वेगळा, बोर्ड वेगळं.

सावध: गच्चीवर पत्र्याचं शेड. गळती थांबते, कपडे वाळतात, वर दोन खोल्याही निघतात, म्हणून अख्ख्या बेळगावात निळे-हिरवे पत्रे दिसतात. पण चारी बाजूंनी बंद केलेलं शेड म्हणजे नवं बांधकाम. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इमारतीला वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. त्यानंतर कर्नाटकातल्या वीज कंपन्या कडक झाल्या, आणि पुढे लहान निवासी इमारतींना सवलत देणारे निर्णयही आले. त्यामुळे नवा मीटर किंवा वाढीव मजला डोक्यात असेल तर कार्यालयात जाऊन आजचा लागू आदेश तारखेसकट बघून घ्या. एजंटाच्या तोंडी हमीवर स्लॅब टाकू नका.

घरगुती दुरुस्तीला ऊर्जा संहिता लागते का, असं बरेच जण विचारतात. ईसीबीसी (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) ही व्यावसायिक इमारतींसाठी, १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून पुढे. मंगल कार्यालय, हॉस्पिटल, मोठं हॉटेल काढणाऱ्यांनी आर्किटेक्टला तिच्याबद्दल पहिल्या बैठकीत विचारावं. निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आहे. २०१८ ची पहिली आवृत्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणायची वाट मोकळी झाली. तुमच्या ३० बाय ४० च्या घरावर हे आज बंधन म्हणून येत नाही. पण त्या संहितेतले दोन आकडे मापपट्टी म्हणून फार कामाचे आहेत, ते पुढे वापरले आहेत.

## टप्पा ३: घराची पाहणी, दोन ऋतूंत

पावसाळ्यात पेन्सिल घेऊन फिरा. ओलीचा डाग दिसेल तिथे कडेनं रेघ मारा आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतची ओल पायातून चढते, ती गच्ची दुरुस्त करून जाणार नाही. पश्चिमेच्या भिंतीवरची ओल बहुधा पावसाच्या माऱ्याची. न्हाणीघरामागची नळाची.

एप्रिलमध्ये साधा थर्मामीटर घ्या. दुपारी तीन आणि रात्री दहा, अशा दोन नोंदी प्रत्येक खोलीत. रात्री दहाला बाहेर गार आणि आत उबारा असेल, तर स्लॅबनं दिवसभर साठवलेली उष्णता खाली सोडायला घेतली आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यात तीन-चार अंशांचा फरक दिसला, की पैसे कुठे घालायचे हे ठरलंच.

स्लॅबच्या खालून लाकडी दांड्यानं ठोकून बघा. भद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. सळई दिसत असेल, गंज फुगला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

## टप्पा ४: गच्ची

इथे मी जरा रेंगाळणार आहे. एकमजली किंवा दुमजली घरात उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा भार वरूनच येतो.

पहिली पायरी, जुना कोबा मोजा. गळती लागली की मेस्त्री म्हणतो, "वरून अजून एक कोबा मारू." चार इंची वीटकोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण १८० ते १९० किलो भरतं. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरलेला चल भार असतो १५० किलो. म्हणजे दुसरा कोबा मारून तुम्ही स्लॅबवर माणसांची गर्दी कायमची उभी करून ठेवता. काही घरांत मी तीन थर पाहिलेत. कोपऱ्यात हातभर चौकोन फोडून किती थर आहेत ते बघा. एकापेक्षा जास्त असतील तर जुने काढल्याशिवाय नवं काही नको.

दुसरी, उतार. शंभरास एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच, हा किमान. पाणी ओतून बघा. अर्ध्या तासानंतर डबकी राहिली तर उतार नाही. पन्हळीची तोंडं मोजा आणि साफ करा. आपल्याकडचा पाऊस एका तीन इंची पाइपात मावत नाही.

तिसरी, वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून चाचणी. तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालून छत पाहा. ठेकेदाराच्या पैशांतला एक हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या.

सावध: काळं डांबरी फेल्ट उघडं ठेवू नका. पाणी थांबतं, पण काळी गच्ची तव्यासारखी तापते आणि उन्हानं फेल्टही लवकर तडकतं. वर पांढरं काही तरी हवंच.

चौथी, उष्णता अडवणं. दोन मार्ग आहेत, घरागणिक निवडा.

स्वस्त मार्ग म्हणजे पांढरा परावर्तक लेप. डब्यावर "कूल" लिहिलंय यावर जाऊ नका. विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागा. ईसीबीसी २०१७ मध्ये सपाट छपरासाठी सौर परावर्तन किमान ०.६० मागितलं आहे, घरालाही तोच आकडा धरा. गच्ची धुऊन, भेगा भरून, दोन हात. तिसरा हात पश्चिमेकडच्या भागाला.

हा लेप मी स्वतः चुकवलाय. मे महिन्यात दोन दिवस वळीव पडून गेला होता, गच्ची वरून कोरडी दिसत होती, माणसं आलेलीच होती, म्हटलं उरकून टाकू. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लेपाचे पापुद्रे पन्हळीत अडकून गच्चीवर घोटाभर पाणी. आता मी आदल्या दिवशी दोन फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं गच्चीला लावतो. सकाळी खालून थेंब दिसले तर काम पुढे ढकलायचं. माणसं परत गेली तरी चालतील.

पक्का मार्ग म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएस (पाणी न पिणाऱ्या दाट फोमचे) पत्रे. क्रम असा: स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, कागद, जाळी घातलेला पातळ सिमेंटचा थर, वर पांढरी फरशी किंवा चिनी मोझॅक. उघड्या स्लॅबमधून उष्णता किती शिरते याचं माप यू-व्हॅल्यू. साध्या स्लॅबची ती साडेतीनच्या आसपास असते. इको निवास संहितेत छपराची कमाल मर्यादा १.२ आहे. २५ मिलिमीटर एक्सपीएसनं ती ०.९ च्या आसपास उतरते, ५० मिलिमीटरनं ०.५ च्या. अथणी-गोकाककडच्यांनी ५० घ्यावं, बेळगावात २५-३० पुरतं. दुकानदार म्हणेल थर्माकोल स्वस्त आहे. आहे, पण तो पाणी पितो. चार महिने भिजणाऱ्या गच्चीत भिजलेला थर्माकोल म्हणजे अडवलेली ओल.

खालून पीओपी आणि वर थर्माकोल अशा छताच्या वाटेलाही जाऊ नका. उष्णता स्लॅबमध्ये शिरलेलीच असते, वायरिंगजवळ पेट घेणारी वस्तू येते आणि पुढची गळती वर्षभर दिसतच नाही.

कौलारू घरांसाठी: वाशांवर रिपा, रिपांवर मंगळुरी कौलं, आणि खाली सरळ माळा. इथे चकचकीत फॉइल लावतात, पण कौलांना चिकटवून. फॉइल काम करते ती समोरच्या मोकळ्या हवेमुळे. कौल आणि फॉइल यांत इंच-दीड इंच पोकळी हवी, चकचकीत बाजू खाली, आणि आढ्याशी गरम हवा निघायला फट. फटीला जाळी मारा, उंदीर-घुशींसाठी. खानापूरकडे माकडं कौलं फोडतात तो प्रश्न मला सुटलेला नाही. वीस-पंचवीस जादा कौलं परसात रचून ठेवा, इतकंच.

तपासणी: पुढच्या एप्रिलमध्ये रात्री दहाची नोंद पुन्हा घ्या आणि जुन्या नोंदीशेजारी लिहा.

## टप्पा ५: भिंती आणि खिडक्या

भिंतींवर फार खर्च करू नका. पश्चिमेची भिंत सावलीत आणली की निम्मं काम झालं. वाढवलेला छज्जा, बाहेरून बांबूची चिक, किंवा वेल. पडदा आतून लावला तर ऊन आत येऊनच तापतं, तोच बाहेरून लावला तर आत येत नाही.

चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारू नका. भिंत श्वास घेते म्हणतात ते इथे खरं आहे. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. चुन्याचा गिलावा, चुन्याचाच रंग.

खिडकीबाबत संहितेतला दुसरा आकडा: दमट हवेत उघडणारा भाग खोलीच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक-षष्ठांश, कोरड्या-उष्ण हवेत एक-दशांश. १० बाय १२ च्या खोलीला जांबोटीत २० चौरस फूट उघडायला हवी, अथणीत १२ पुरे. आता घरातली दोन पट्ट्यांची सरकती खिडकी बघा. ४ बाय ४ ची असली तरी एका वेळी उघडते ८ चौरस फूट. जुन्या लाकडी झडपा काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवल्या आणि "घर आधीसारखं गार राहत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. बदलायच्याच असतील तर पूर्ण उघडणारी घ्या.

## टप्पा ६: वायरिंग

नवीन वस्तू आणण्याआधी हे. एसी आणि गीझरला वेगळी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी. सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा). अर्थिंग मोजून घ्या, विचारून नव्हे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, कारण टप्पा ८ मध्ये लोडच्या अर्जाला त्याचीच सही लागेल.

तपासणी: घरातलं सगळं बंद करा आणि मीटर बघा. दिवा लुकलुकत राहिला तर कुठे तरी गळती आहे, किंवा सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर चालू आहेत.

## टप्पा ७: वस्तू बदला, पण क्रमानं

आधी जास्त तास चालणाऱ्या वस्तू, मग जास्त वॅटच्या. म्हणजे पंखे, फ्रिज, मग गीझर, सगळ्यात शेवटी एसी. गच्ची झाल्यावर एक उन्हाळा काढून बघा. बेळगाव शहरात अनेकांना एसीची गरजच उरत नाही.

दोन किलोवॅटचा गीझर रोज तासभर म्हणजे महिन्याला ६० युनिट. सोलर वॉटर हीटर असेल तर आठ महिने तो भार उतरतो. जून ते सप्टेंबर बॅकअप लागतोच, तेव्हा बंब काढा किंवा गॅस. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात. हीट एक्स्चेंजर असलेला घ्या, किंवा महापालिकेच्या पाण्याची वेगळी टाकी जोडा.

स्टार लेबल वाचताना ताऱ्यांआधी लेबलचा कालावधी वाचा. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा जुना ५ स्टार नव्या तक्त्यात ४ स्टार झाला. पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून लेबल सक्तीचं आहे. सणासुदीला जुना साठा स्वस्तात निघतो, त्यावर पाच तारे असतातही, पण जुन्या मोजपट्टीचे. एसीचे दोन मॉडेल तोलताना आयएसईईआर (अख्ख्या हंगामातली कार्यक्षमता, जास्त तितकी चांगली) हा आकडा ताडून बघा.

## टप्पा ८: मंजूर लोड नव्यानं ठरवा

आता घराचा खरा भार कळलाय. गीझर गेला असेल तर लोड कमी करायचा अर्ज, एसी आला असेल तर वाढवायचा. हा अर्ज सोलरच्या आधी द्या. सोलरची क्षमता ठरवताना मंजूर लोड पाहिला जातो आणि दोन अर्ज एकाच वेळी फिरले की दोन्ही एकमेकांसाठी थांबतात.

## टप्पा ९: सोलर

इथवर आल्यावर पुन्हा तीन महिन्यांची बिलं बघा. गृहज्योतीत बिल शून्य येत असेल तर सोलर आज तुमचा एक रुपयाही वाचवत नाही. योजना उद्या बदलली तर तेव्हा बसवता येईल, गच्ची तयारच आहे. बिल येत असेल तर पुढे चला.

१. क्षमता: १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा, वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट. पावसाळ्यात बरंच कमी. कमी झालेल्या वापरावर हिशेब करा, जुन्या बिलावर नको. आधी ५ किलोवॅटचं कोटेशन घेतलेली घरं या टप्प्यावर २-३ वर येतात.

२. अनुदान: पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट आणि वर कितीही असलं तरी ७८,०००. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, आरआर नंबरसह. अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं.

३. विक्रेता पोर्टलवर नोंदलेला आहे का, पॅनेल देशी सेलचे म्हणजे डीसीआर आहेत का, हे बिलावर लिहून घ्या. डीसीआर नसेल तर अनुदान नाही.

४. स्टँड बसवताना गच्चीला भोकं पाडू देऊ नका. टप्पा ४ ची सगळी मेहनत चार बोल्टांत वाया जाते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर स्टँड, आणि ठोकळ्यांचं वजन तुळईच्या रेषेवर. आपल्याकडे जून-जुलैचा वारा मोठा असतो, वजन किती ते इंजिनिअरकडून काढून घ्या.

सावध: "अनुदान आमच्या खात्यात घेतो, तुम्ही फक्त उरलेले द्या" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि सगळे पैसे नेट मीटर बसण्याआधी देऊ नका. पॅनेल वर, मीटर नाही, विक्रेता फोन उचलत नाही, अशी दोन घरं माझ्या ओळखीत आहेत. त्यांतल्या एकानं चार महिने फुकट वीज तयार केली आणि बिल मात्र पूर्ण भरलं.

## टप्पा १०: मीटरच्या पेटीत एक कागद

नेट मीटर लागला त्या दिवशीचे आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे फोटो काढून ठेवा. पहिलं बिल त्याच्याशी ताडून बघा. पहिल्या बिलात निर्यात शून्य दिसली तर लगेच सेक्शन ऑफिसला लेखी द्या, दोन-तीन महिने गेल्यावर ते मागे जाऊन दुरुस्त करणं कटकटीचं होतं.

आणि एका कागदावर लिहा: गच्चीचा लेप कधी मारला, कोणता, डब्याचा बॅच नंबर, पाणी चाचणीची तारीख, वॉटरप्रूफिंगची हमी कधी संपते, मंजूर लोड किती. प्लास्टिकमध्ये घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. खाली मोठ्या अक्षरात: "फेब्रुवारीत गच्ची घासून धुणे." आपल्या पावसात पांढऱ्या लेपावर शेवाळ चढून तो काळा पडतो, आणि काळा पडलेला लेप उन्हाळ्यात काहीच कामाचा राहत नाही. त्याच दिवशी पॅनेलही पुसून घ्या, सकाळी, ऊन चढायच्या आत.